राजवाड्यातल्या प्रेमकथांचं जुनं कूळ

मगधाच्या राजवाड्यात लग्नाची गडबड आहे. राजकन्या पद्मावतीचं वत्सराज उदयनाशी लग्न ठरलंय आणि नवरीचा हार गुंफायला दासी अवंतिका नावाच्या आश्रित बाईकडे फुलं घेऊन येते. ही अवंतिका म्हणजे खुद्द उदयनाची राणी वासवदत्ता. लावाणकच्या आगीत ती जळून गेली, असं उदयनासकट सगळे धरून बसलेत. परडीतली एक वनस्पती उचलून ती नाव विचारते. 'अविधवाकरण.' ही भरपूर गुंफायला हवी, ती मनाशी म्हणते, माझ्यासाठी आणि पद्मावतीसाठीही. आणि ही दुसरी? 'सपत्नीमर्दन.' सवतीला चिरडणारी. ही नको गुंफायला. का? त्याची बायको मेलीच आहे, मग हिचं काय काम!

भासाच्या 'स्वप्नवासवदत्त'चा हा तिसरा अंक. वासवदत्तेला 'मारणारा' आहे प्रधान यौगंधरायण. वत्सदेश शत्रूने गिळलेला, तो परत मिळवायला मगधाचं सैन्य हवं, सैन्य हवं तर सोयरीक हवी, आणि राणी जिवंत असताना उदयन दुसरं लग्न करणार नाही. म्हणून आग, खोटी बातमी, वेषांतर. राणीला हे सगळं ठाऊक आहे, ती या कटात सामील आहे. राजाला मात्र काहीच माहीत नाही.

आज इंग्रजीत 'यंग अडल्ट' म्हणजे कुमार-तरुण वाचकांसाठी, या शिक्क्याखाली हिंदू पुराणकथांवर बेतलेल्या ज्या प्रेम-अद्भुतिका निघतात, त्यांच्या मलपृष्ठावर हाच मजकूर थोड्याफार फरकाने सापडतो: राजकन्या, राजकीय लग्न, दडवलेली ओळख, जादू. त्या वाचून 'पाश्चात्त्य साच्यात आपले देव ओतले' असं नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. मला ते अर्धंच पटतं. साचा बाहेरचा असेलही, पण प्रेम, चमत्कार आणि दरबारी डाव यांची मोट आपल्याकडे केव्हाच बांधली गेली होती. नवं काय आहे ते वेगळ्याच ठिकाणी आहे.

महाभारताच्या वनपर्वातल्या दोन नायिका घ्या. दमयंतीच्या स्वयंवरात नलाच्या शेजारी चार देव नलाचंच रूप घेऊन बसतात. ती खरा नल ओळखते ते घाम, सावली, कोमेजलेली माळ आणि लवणारी पापणी पाहून. देवांना यातलं काहीच नसतं. माणूसपणाच्या खुणांवरून नवरा निवडण्याची ही युक्ती मला अजूनही थक्क करते. दुसरी सावित्री. एका वर्षात मरणार हे नारदांनी सांगितल्यावरही ती सत्यवानालाच वरते आणि पुढे यमाला बोलण्यात गुंतवून एकेक वर काढून घेते: सासऱ्यांची दृष्टी, त्यांचं राज्य, वडिलांना शंभर पुत्र, मग स्वतःला शंभर पुत्र. मग नवऱ्याशिवाय हा वर खरा कसा होणार, असं म्हणून शेवटच्या वरात ती नवराच परत मागते. वटपौर्णिमेच्या सात फेऱ्यांत ही हुशारी पार झाकून गेली.

भागवताच्या दशम स्कंधात तर अख्खा ग्रंथभांडार आहे. बाणासुराची मुलगी उषा स्वप्नात एका तरुणाच्या प्रेमात पडते. मंत्र्याची मुलगी चित्रलेखा एकेका राजपुत्राचं चित्र काढत जाते, अनिरुद्धाचं चित्र आलं की उषा लाजते, आणि चित्रलेखा त्याला झोपेतच द्वारकेहून उचलून शोणितपुरात आणते. त्याच स्कंधात रुक्मिणीचं पत्र आहे. भावाने शिशुपालाशी लग्न ठरवलेलं, म्हणून ती एका ब्राह्मणाहाती कृष्णाला निरोप धाडते. प्रेमपत्र म्हणून ते गाजलं, पण त्यातला एक श्लोक शुद्ध व्यूहरचनेचा आहे. अंतःपुरातल्या तुला तुझ्या नातलगांना न मारता कसं नेऊ, असं म्हणशील, तर उपाय सांगते: लग्नाच्या आदल्या दिवशी कुलदेवीची यात्रा असते, नवरी नगराबाहेर गिरिजेच्या देवळात जाते.

हे पत्र मराठीने जन्मापासून जवळ केलं. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात महानुभाव पंथातल्या महदंबेचे 'धवळे', म्हणजे लग्नगीतं, याच लग्नाची. त्यानंतर थोड्याच काळाने नरेंद्राने 'रुक्मिणीस्वयंवर' रचलं. महानुभावांची आठवण अशी की देवगिरीच्या रामदेवरावाला ते इतकं आवडलं की काव्य आपल्या नावावर करून मागितलं, आणि आमच्या कविकुळाला बोल लागेल म्हणून नरेंद्राने नकार दिला. म्हणजे काव्याभोवतीही दरबारी डाव होताच. पुढे १५७१ मध्ये एकनाथांनी काशीत आपलं 'रुक्मिणीस्वयंवर' पूर्ण केलं. लग्न जमावं म्हणून उपवर मुलींना त्याची पारायणं करायला लावण्याची चाल घरोघर पडली. घरच्यांनी ठरवलेलं स्थळ मोडून पळून जाणाऱ्या मुलीची गोष्ट, स्थळ जमावं म्हणून मुलीच्या हाती घरच्यांनीच द्यायची! ही गंमत कुणाच्या लक्षात कशी आली नाही कोण जाणे.

पुराणांइतकाच मोठा दुसरा साठा दरबारी कथांचा. प्रतिष्ठानच्या (पैठणच्या) सातवाहनाच्या पदरी असलेल्या गुणाढ्याने पैशाची या प्राकृत भाषेत 'बृहत्कथा' लिहिली, असं परंपरा सांगते. मूळ ग्रंथ हरवला. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने राणी सूर्यमतीच्या करमणुकीसाठी त्यावरून 'कथासरित्सागर' रचला. त्याचा नायक नरवाहनदत्त हा उदयन-वासवदत्तेचाच मुलगा; तो आकाशातून फिरणाऱ्या विद्याधरांचा सम्राट होतो आणि वाटेत लग्नांवर लग्नं करत जातो. ही करमणूक जिच्यासाठी होती, त्या राणीच्या घरात नवरा अनंत आणि मुलगा कलश यांचा सत्तेवरून उभा दावा. शेवटी राजाने जीव दिला आणि सूर्यमती सती गेली.

नाटकांत डाव अधिक नेमके आहेत. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'त दासी म्हणून वावरणारी विदर्भाची राजकन्या मालविका तळघरात कैद असते. राणीची नागमुद्रेची अंगठी पाहिल्याशिवाय तिला सोडायचं नाही असा हुकूम. विदूषक साप चावल्याचं सोंग करतो, उताऱ्यासाठी नागाची आकृती हवी म्हणतो, आणि राणी भोळेपणाने तीच अंगठी काढून देते. विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षसा'त विषकन्या आहे आणि मुद्रेची अंगठीही आहे, पण प्रेमाला जागा नाही. माझ्या मते म्हणूनच ते नाटक आदराने वाचलं जातं, आवडीने कमी.

एकोणिसाव्या शतकात हे सगळं छापखान्यातून आणि रंगमंचावरून परत आलं. मराठीत 'मुक्तामाला' १८६१ ची, 'मंजुघोषा' १८६८ ची. या अद्भुतरम्य कादंबऱ्यांना पुढच्या वास्तववादी पिढीने हसण्यावारी नेलं. हिंदीत १८८८ च्या 'चंद्रकांता'ने ऐयार (वेषांतरात पटाईत हेर) आणि तिलिस्म (जादूचे चक्रव्यूह) घरोघर पोचवले. नाटकात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'सौभद्र' (१८८२) म्हणजे तर या जातीचा आदर्श नमुना: बलरामाला सुभद्रा दुर्योधनाला द्यायची आहे, तिचं मन अर्जुनावर, अर्जुन संन्याशाच्या वेषात, आणि सगळी सूत्रं हसतमुख कृष्णाच्या हाती. पुराणाच्या पडद्याआडून खरं राजकारणही करता येतं, हे खाडिलकरांनी 'कीचकवधा'त (१९०७) दाखवलं. कीचकात लोकांना व्हाइसरॉय कर्झन दिसला आणि १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली.

मग नवं काय? एक म्हणजे 'मी'. पुराणांत कथा सूत सांगतो, ऋषी सांगतात. उषा आपली गोष्ट स्वतः सांगत नाही. वि. स. खांडेकरांच्या 'ययाती'त (१९५९) ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू स्वतःच्या तोंडाने मांडतात. त्याच कादंबरीला पुढे ज्ञानपीठ मिळालं. १९६७ च्या 'मृत्युंजय'मध्ये शिवाजी सावंतांनी कर्णाभोवती हीच रीत वापरली. आज इंग्रजी रोमँटसीत, म्हणजे याच प्रेम-अद्भुतिकांत, एक प्रकरण तिचं, एक त्याचं, असा जो खेळ चालतो, तो मराठी वाचकाला परका वाटू नये. दुसरं नवं म्हणजे वाचकाचं वय. 'ययाती' कुमारांसाठी नव्हती. आपल्याकडे बालसाहित्य, कुमारसाहित्य आणि मग एकदम प्रौढांचं कपाट. कुमारसाहित्यात धाडस होतं, चोर-शिपाई होते; प्रेम नव्हतं. सतरा वर्षांच्या मुलीने वाचायचं ते आईच्या कपाटातून चोरून.

'यंग अडल्ट' हा वेगळा कप्पा अमेरिकी ग्रंथालयांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर पाडला. तिथल्या ग्रंथालय संघाचा या वयोगटासाठीचा विभाग १९५७ चा. १९६५ च्या स्थलांतराच्या कायद्याने अमेरिकेची दारं आशियाई लोकांना उघडली. १९६७ मध्ये अनंत पै यांची 'अमर चित्र कथा' सुरू झाली आणि परदेशी वाढणाऱ्या मुलांपर्यंत पुराणं पोचवायला ती फार सोयीची ठरली. त्या घरांतली पिढी लिहिती झाली तोवर बाजारात राजकन्या, तलवारी आणि प्रेम यांची चलती होती. रोशनी चोक्षी यांची 'द स्टार-टच्ड क्वीन' आली २०१६ मध्ये. नायिका माया, कुंडलीत मृत्यूशी लग्न लिहिलेलं, राजाने राजकीय सोयीसाठी ठरवलेला विवाह आणि अमर नावाचा गूढ नवरा. तो कोण हे सांगून मजा घालवत नाही, पण ज्याला सावित्री ठाऊक आहे त्याला फार वेळ लागणार नाही. २०१९ मध्ये स्वाती तीर्धला यांची 'द टायगर अ‍ॅट मिडनाइट', २०२० मध्ये तनाझ भाथेना यांची 'हंटेड बाय द स्काय', अशी पुस्तकं मागोमाग येत गेली.

यात अनेकदा राज्यं काल्पनिक असतात, नावं बदललेली असतात. ग्रीकांचा झ्यूस कसाही रंगवला तरी कुणी मोर्चा काढत नाही. आपले देव मात्र रोज पूजेत आहेत, त्यामुळे लेखक बिचकून लिहितो, आणि मधूनमधून कथा त्यामुळेच फिकी पडते. दुसरी माझी तक्रार शस्त्रांची. नव्या नायिकेच्या हाती हटकून कट्यार असते. सावित्रीच्या शब्दांपुढे आणि चित्रलेखेच्या कुंचल्यापुढे ती बोथट वाटते.

तरी तिच्या हाती काहीतरी हवं, असं लेखिकांना का वाटत असावं, ते मेवाडच्या कृष्णाकुमारीकडे पाहिलं की कळतं. ही मात्र खरी राजकन्या. जयपूरचा जगतसिंह आणि जोधपूरचा मानसिंह दोघेही तिच्यासाठी भांडत होते. शिंदे आणि अमीरखान पेंढारी आपापल्या हिशेबाने त्यात उतरले होते. भांडण मिटेना, तेव्हा १८१० मध्ये उदयपूरच्या महालात सोळा वर्षांच्या त्या मुलीला घरच्यांनीच विष पाजलं. राजस्थानचा इतिहास लिहिणाऱ्या कर्नल टॉडने लिहून ठेवल्याप्रमाणे विष पुन्हा पुन्हा द्यावं लागलं आणि प्रत्येक वेळी पेला तिने स्वतः घेतला. नव्या कादंबऱ्यांतली मुलगी तोच पेला हातात घेते आणि खाली ठेवते. पुढची तीनशे पानं त्यानंतरची असतात.