थिसिससाठी एथिक्स कमिटी आणि सीटीआरआय नोंदणी: अर्ज नेमका कुठे अडकतो

एमडी, एमएस, डीएनबी, एमपीएच, एमएससी नर्सिंग, आयुर्वेदवाले पीजी, सगळ्यांसाठी एकदाच लिहितोय, कारण दरवर्षी सिनॉप्सिसचा (थिसिसचा आराखडा देण्याचा) सीझन आला की तेच प्रश्न येतात आणि अर्ज तसेच परत जातात. क्रम आधी डोक्यात बसवा. पहिलं एथिक्स कमिटीचं (अभ्यासात पेशंटचे हक्क आणि सुरक्षितता जपली जाते का ते बघणाऱ्या समितीचं) मंजुरीपत्र, मग सीटीआरआय नंबर, म्हणजे ट्रायलच्या नोंदणीचा नंबर, मग पहिला पेशंट. यातलं काहीही पुढेमागे झालं की नंतर दुरुस्त करायला जागाच राहत नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ तारखेचा. सीटीआरआय म्हणजे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडिया, आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची), २००७ पासून चालू आहे आणि नोंदणी पूर्ण फुकट आहे, कोणी "करून देतो" म्हणून पैसे मागत असेल तर देऊ नका. पूर्वी आधीच चालू झालेली ट्रायल, म्हणजे उपचार देऊन परिणाम मोजायचा अभ्यास, तीसुद्धा नोंदवून घ्यायचे, ते १ एप्रिल २०१८ पासून बंद झालं. आता पहिला पेशंट घ्यायच्या आधी नोंदणी झालेली पाहिजे. पण पोरं "नोंदणी कंपल्सरी" एवढंच ऐकतात आणि समजतात की पेपर पाठवायच्या आधी केली की झालं. मग निम्मे पेशंट घेऊन झाल्यावर फॉर्म उघडतात, तिथे पहिल्या पेशंटची तारीख विचारतात, आणि मागची तारीख टाकली की अर्ज परत. पुढची खोटी तारीख टाका असा सल्ला देणारे सीनियर प्रत्येक हॉस्टेलमध्ये असतात. त्यांचं ऐकू नका, केस पेपरवर आणि संमतीपत्रावर खरी तारीख असतेच, आणि चांगली जर्नल्स ट्रायलची नोंदणी आधीची होती का ते बघतातच.

याच तारखेचा दुसरा फटका प्रामाणिक लोकांना बसतो. फॉर्म भरताना तुम्ही पंधरा दिवसांनंतरची तारीख टाकता, तिकडून क्वेरी येते, तुमची इमर्जन्सी ड्युटी चालू असते, उत्तर द्यायला उशीर होतो, तोवर ती तारीखच उलटून जाते. म्हणून तारीख चांगली लांबची टाका, आणि प्रत्येक वेळी परत सबमिट करताना ती अजून पुढची आहे ना ते बघा. आणि हो, सबमिट केल्यावर आरईएफने सुरू होणारा जो नंबर मिळतो तो फक्त पोचपावती आहे. खरा नंबर सीटीआरआय या अक्षरांनी सुरू होतो, तो हातात आल्याशिवाय पेशंट घ्यायचा नाही.

कोणाला लागतं? औषध देणाऱ्यांनाच, असा समज पीएसएमवाल्यांमध्ये (सामाजिक वैद्यकशास्त्राच्या पीजींमध्ये) फार आहे. ब्लड प्रेशरच्या पेशंटच्या एका गटाला मीठ कमी करण्याचं खास समुपदेशन दिलं आणि दुसऱ्याला नेहमीचा सल्ला, आणि तीन महिन्यांनी बीपी मोजलं, तर ती ट्रायलच आहे. योगा, फिजिओथेरपी, मोबाइलवर गोळीची आठवण पाठवणं, सगळं त्यातच येतं. नुसता सर्व्हे असेल तर सीटीआरआयची सक्ती नाही, तरी काही कॉलेजं मागतात, आपल्या ऑफिसात विचारा. एथिक्स कमिटी मात्र सर्व्हेलाही लागते. जुने केस पेपर बघून करायचा अभ्यास असेल तरी "मला परवानगीची गरज नाही" हे तुम्ही ठरवायचं नसतं, सूट द्यायची का संमती माफ करायची हे कमिटी ठरवते आणि तसं लेखी देते. ते पत्र पुढे कोणीतरी मागतंच.

आता कागद. प्रोटोकॉल, मराठी आणि इंग्रजी माहितीपत्रक, संमतीपत्र, प्रोफॉर्मा (माहिती भरायचा तक्ता), तुमचा आणि गाईडचा सीव्ही, जीसीपी (गुड क्लिनिकल प्रॅक्टिस) ट्रेनिंगचं सर्टिफिकेट, एचओडीची सही, हे सगळे आणतात. नसतं ते बाहेरच्या जागेचं परवानगीपत्र. अभ्यास पीएचसीत असेल तर जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांचं, झेडपीच्या शाळेत असेल तर शिक्षणाधिकाऱ्यांचं, आश्रमशाळेत असेल तर आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाचं पत्र लागतं. तिथे गेलं की साहेब म्हणतात आधी एथिक्सचं आणा, आणि एथिक्सवाले म्हणतात आधी त्यांचं आणा. हा खेळ पोरांनी का खेळायचा हे मला आजवर कळलेलं नाही. मार्ग एवढाच, की ऑफिसकडून "एथिक्स मंजुरीच्या अधीन राहून परवानगी" असं वाक्य असलेलं पत्र मागायचं, मसुदा आपणच टाइप करून न्यायचा. बहुतेक ठिकाणी चालतं.

सगळ्यात जास्त अर्ज पडतात ते मराठी संमतीपत्रावर. गुगल ट्रान्सलेट मारून "यादृच्छिकीकरण" लिहिलेलं पत्र पेशंटला काय कळणार? सरळ लिहा की कोणता उपचार मिळेल हे डॉक्टर ठरवणार नाहीत, चिठ्ठी काढल्यासारखं ठरेल. भाग घेणं मर्जीवर आहे, मधेच सोडलं तरी उपचार थांबणार नाहीत, अभ्यासामुळे त्रास झाला तर काय सोय, आणि तक्रार करायला कमिटीच्या सचिवांचा फोन, हे चार मुद्दे नसतील तर पत्र परत येणार हे धरून चाला. मेळघाटात काम करणार असाल तर मराठी पुरेल असं गृहीत धरू नका, तिथल्या कोरकू भाषेत समजावून सांगायची सोय काय ते प्रोटोकॉलमध्ये लिहा. अंगठा घेणार असाल तर साक्षीदार तुमच्या टीममधला नको, वॉर्डातली तुमची ज्युनियर तर अजिबात नको. मुलं असतील तर आईवडिलांची संमती आणि वय ७ च्या पुढे मुलाचा स्वतःचा होकारही, १२ पर्यंत तोंडी आणि त्यापुढे लेखी. संमतीपत्राची एक प्रत पेशंटला द्यायचीच.

पैशाचा कॉलम रिकामा सोडतात तेही महागात पडतं. अभ्यासासाठी जी जादा तपासणी करणार तिचा खर्च पेशंटच्या माथी मारता येत नाही. "रुटीन तपासणी" असं लिहून सुटत नाही, कमिटीतले डॉक्टरही ओपीडी चालवतात, रुटीन काय ते त्यांना माहीत असतं.

मंजुरीपत्र मिळालं की फोटो स्टेटसला टाकायच्या आधी नीट वाचा. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे मीटिंगला किमान पाच सदस्य हजर लागतात आणि त्यात निदान एक बाहेरचा लागतो, पत्रावर हजर सदस्यांची यादी आहे का बघा. तुमचा गाईड स्वतः सदस्य असेल तर तुमच्या प्रस्तावाच्या वेळी तो बाहेर बसला याची नोंद हवी. संमतीपत्राच्या तळाशी जी व्हर्जन आणि तारीख आहे तीच पत्रात आहे का, हे तर हमखास चुकतं, कारण कमिटीने सुचवलेला बदल तुम्ही करता आणि पत्र जुन्या व्हर्जनचंच येतं. आणि कमिटीचीही नोंदणी लागते, २०१९ च्या नियमांनंतर नव्या औषधांच्या ट्रायलसाठी सीडीएससीओकडे (केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेकडे) आणि आपल्यासारख्या बायोमेडिकल संशोधनासाठी आरोग्य संशोधन विभागाकडे. तिची मुदत संपलेली असेल तर ऑफिसला आताच सांगा, उगाच लाजू नका.

सीटीआरआयचा बाकी फॉर्म लांब आहे पण अवघड नाही, एका रविवारी होतो. अडकतो तो प्रायमरी आउटकमपाशी, म्हणजे अभ्यासात मुख्य काय मोजणार त्यापाशी. "सुधारणा" हा आउटकम होत नाही, काय मोजणार, कशाने मोजणार आणि किती आठवड्यांनी मोजणार ते लिहा. रँडमायझेशन (चिठ्ठी काढल्यासारखी गटवाटणी) कसं केलं आणि पुढचा पेशंट कोणत्या गटात जाणार ते आधी कोणाला कळू नये म्हणून काय केलं हे दोन वेगळे प्रश्न आहेत, दोन्हीत तेच उत्तर पेस्ट केलं की क्वेरी येणारच. एकापेक्षा जास्त हॉस्पिटलं असतील तर प्रत्येकाच्या कमिटीची वेगळी नोंद टाकावी लागते. नंतर सॅम्पल साइज किंवा आउटकम बदलायचा असेल तर आधी कमिटीची मंजुरी, मग पोर्टलवर बदल, आणि जुनं काय होतं ते तिथे सगळ्यांना दिसतं. गंभीर दुष्परिणाम झाला तर २४ तासांत कमिटीला कळवायचं, त्यासाठी गाईडच्या सहीची वाट बघत बसू नका.

अकाउंट स्वतःच्या पर्सनल ईमेलवर काढा. कॉलेजचा ईमेल कोर्स संपला की बंद होतो, आणि मग अभ्यास पूर्ण झाला हे पोर्टलवर टाकायला कोणाकडेच लॉगिन उरत नाही.