ट्रॅपखालच्या खचदऱ्या आणि बेळगावचा काठ

पाणबुड्या हुडकण्यासाठी दुसऱ्या महायुद्धात विमानाला लावलेले चुंबकमापक युद्ध संपता संपता भूशास्त्राच्या कामाला आले. आपल्याकडे प्रश्न तयारच होता: दख्खनचा ट्रॅप, म्हणजे बेसॉल्टचे एकावर एक थर, ज्यातून बनला तो ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा वर आला कुठून? नर्मदा-तापी, नाशिक-पुणे आणि कोकण किनारा इथे डाइकांचे (भेगांत गोठलेल्या लाव्ह्याच्या भिंतींचे) जथेच्या जथे आहेत. बेळगावकडे तसे दिसत नाहीत.

खरा घोळ झाला तो कोयनेवरून. डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर गुरुत्वमापनात कोयना आणि कुर्डुवाडी इथे कमी गुरुत्वाचे लांबट पट्टे दिसले आणि १९७०च्या दशकात त्यांना थेट ट्रॅपखाली गाडलेल्या खचदऱ्या (जमीन खचून बनलेल्या, हलक्या गाळाने भरलेल्या लांब दऱ्या) ठरवण्यात आले. हा निष्कर्ष फार घाईचा होता. भोवतीच्या शिस्टपेक्षा (पापुद्र्यांच्या रूपांतरित खडकापेक्षा) हलका ग्रॅनाइट खाली असला, तरी गुरुत्व कमीच भरते. पुढे कोयनेत खोल विंधन झाले, तेव्हा सुमारे ९३० मीटर बेसॉल्टच्या खाली सरळ ग्रॅनाइट-नाइस, म्हणजे पायाचा जुना खडक लागला. खचदरीत साचलेला गाळ मध्ये नव्हताच. तरीही नकाशांवरच्या रेघा तशाच राहिल्या आणि चुंबकीय नकाशे वाचणारेही त्याच रेघा शोधत बसले.

हवाई चुंबकीय नकाशा इथे सहजी फसवतो. लाव्हा थंड होताना त्यात त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा गोठते; ट्रॅपचे बरेचसे थर पृथ्वीच्या आजच्या क्षेत्राच्या उलट चुंबकित आहेत, पण पन्हाळा आणि देसूर हे सर्वांत वरचे थर सरळ आहेत. (देसूर म्हणजे बेळगाव-खानापूर रेल्वेमार्गावरचे आपले देसूर, तो स्वतंत्र थर मानावा की पन्हाळ्यातच धरावा, यावर अजून एकमत नाही.) त्यात चुंबकीय विषुववृत्त जवळ असल्याने विसंगतीचा (आजूबाजूपेक्षा वेगळ्या भरणाऱ्या मोजणीचा) ठळक भाग खडकाच्या डोक्यावर न येता बाजूला सरकतो.

म्हणूनच बेळगावचा काठ मोलाचा आहे. ट्रॅप इथे संपतो आणि त्याचा पाया उघडा पडतो. गोकाकला घटप्रभा सुमारे ५२ मीटर खाली कोसळते ती कलादगीच्या वालुकाश्मावरून, ट्रॅपहून कितीतरी जुन्या खडकावरून. दक्षिणेकडे धारवाडचे शिस्ट वायव्य-आग्नेय पसरलेले आहेत. त्यांतल्या लोहयुक्त पट्ट्यांत मॅग्नेटाइट असते, आणि ते ट्रॅपखाली पुढे गेले असतील, तर विमानातल्या यंत्रावर सरळ लांब रेघच उमटणार. तिला ज्वालामुखी खचदरी म्हणण्याआधी खानापूर-गोकाकच्या उघड्या खडकांवरून कोयनेपर्यंत सलग उड्डाणरेषा जुळवल्या पाहिजेत. शिस्टची रेघ ट्रॅपखाली कुठवर जाते, हे त्यातूनच ठरेल.