स्तन कर्करोगातील जीवितता (भारत)

स्तनाच्या कर्करोगाचे निदान झालेल्या स्त्रियांपैकी ठरावीक मुदतीनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण. मुदत बहुधा पाच वर्षांची धरतात. इतर कारणांनी होणारे मृत्यू हिशेबातून वगळले, की त्याला निव्वळ जीवितता म्हणतात. कॉनकॉर्ड-३ या आंतरराष्ट्रीय पाहणीनुसार २०१०–१४ मध्ये निदान झालेल्यांत हे प्रमाण भारतात ६६·१ टक्के, तर अमेरिकेत ९०·२ टक्के होते. देशातील ११ नोंदणी केंद्रांवरून काढलेला आकडा (निदान २०१२–१५) ६६·४ टक्के असा त्याच्याशी जुळतो. मात्र त्यात मिझोराम ७४·९ आणि अरुणाचलातील पासीघाट ४१·९ टक्के आहे, म्हणून राष्ट्रीय सरासरी जपून वापरावी.

मापनाचा प्रश्न : मुंबईची कर्करोग नोंदणी १९६३ च्या सुमारास इंडियन कॅन्सर सोसायटीने सुरू केली. बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांसाठीची बार्शीची नोंदणी (१९८७) ही देशातील पहिली ग्रामीण नोंदणी. मृत्यूचा दाखला सापडला नाही तो रुग्ण हयात, असे गृहीत धरले तर जीवितता फुगते. मृत्यूनोंद अपुरी असते तिथे हा दोष मोठा ठरतो. त्यामुळे दाखल्यांशी पडताळणी करून शिवाय घरभेट वा संपर्क साधावा लागतो. बार्शीत कर्मचारी गावोगाव फिरून माहिती घेत आणि त्याच फेरीत आरोग्यशिक्षणही देत. त्यानंतर गर्भाशयमुखाचा कर्करोग तुलनेने लवकरच्या अवस्थेत आढळू लागल्याचे नोंदले गेले. दुसरी अडचणही जीवितता फुगवणारीच. निदान लवकर झाले, की मृत्यूची तारीख न बदलताही ‘पाच वर्षे’ भरतात. केवळ जीविततेवरून कार्यक्रमाचे यश ठरवू नये, मृत्युदरही पाहावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

अवस्था : सर्वांत ठळक घटक हाच. वरील ११ केंद्रांत गाठ स्तनापुरती मर्यादित असताना जीवितता ८१·० टक्के, आसपास पसरल्यास ६५·५ आणि दूरच्या अवयवांत पोहोचल्यास १८·३ टक्के आढळली. उशिरा येण्याची कारणे सर्वपरिचित आहेत : गाठ दुखत नाही, दाखवायला संकोच वाटतो, ‘सुई लावली की पसरते’ ही भीती असते. गावाहून तपासणीच्या ठिकाणापर्यंतचे अंतर आणि घरात निर्णय कोणाचा, हे घटकही मोजावेत असे आहेत. त्यांवरील अभ्यास विखुरलेले आहेत.

मुंबईतील झोपडपट्ट्यांत १९९८ पासून झालेल्या टाटा स्मारक केंद्राच्या प्रयोगात ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया होत्या. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत मृत्यू एकूण १५ टक्क्यांनी कमी दिसले, पण ती घट संख्याशास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झाली नाही. पन्नाशीपुढील स्त्रियांत मात्र जवळपास ३० टक्क्यांची घट सिद्ध झाली. मॅमोग्राफीविना (स्तनाच्या क्ष-किरण तपासणीविना), थोड्या खर्चात एवढे साधते, हे दुर्लक्षिण्याजोगे नाही.

जैविक भिन्नतेचा वाद : भारतीय स्त्रियांत हा रोग पाश्चात्त्यांपेक्षा सुमारे दशकभर आधी होतो आणि अधिक आक्रमक असतो, असे म्हटले जाते. पहिल्या विधानातील बराचसा भाग लोकसंख्येच्या वयोरचनेने समजतो. देश तरुण असला, की रुग्णांचे सरासरी वयही कमी येते. तसेच वाढत्या वयातील रोगाचे प्रमाण पिढीगणिक बदलते, हेही ध्यानात घ्यावे लागते. दुसऱ्याचा आधार म्हणजे हॉर्मोनग्राही (हॉर्मोन ज्यांना चिकटते ती पेशींतील प्रथिने) नसलेल्या, विशेषतः ‘ट्रिपल निगेटिव्ह’ (दोन हॉर्मोनग्राही आणि हर-२ हे तिन्ही नसलेल्या) गाठींचे मोठे प्रमाण; विविध भारतीय अहवालांच्या एकत्रित विश्लेषणात ते तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास येते. पण गाठीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये (नमुना टिकवण्याच्या द्रावणात) उशिरा किंवा अपुरा वेळ ठेवल्यास ग्राही शाबूत असूनही चाचणी ‘निगेटिव्ह’ येते. टाटा रुग्णालयाच्या रुग्णनोंदींच्या मालिकेत काळाबरोबर ‘पॉझिटिव्ह’चे प्रमाण वाढल्याचे दिसते, त्याचा काही वाटा तंत्रसुधारणेचा असावा. म्हणून वंशभेदाने स्पष्टीकरण देण्यापूर्वी प्रयोगशाळेचा दर्जा तपासणे इष्ट. असे चुकीचे ‘निगेटिव्ह’ उत्तर टॅमॉक्सिफेन या स्वस्त हॉर्मोनगोळीचा लाभही हिरावते, म्हणजे ही केवळ आकडेमोडीची चूक राहत नाही.

उपचार : शस्त्रक्रिया, केमो, ‘लाइट’ (प्रारणोपचार) आणि हॉर्मोनगोळ्या यांची साखळी पूर्ण होणे निर्णायक असते. ती खर्च, प्रवास आणि बुडणारी मजुरी यांमुळे तुटते. महाराष्ट्रातील महात्मा फुले जन आरोग्य योजना व केंद्राची आयुष्मान भारत (२०१८) रुग्णालयातील बिलाचा भार हलका करतात. गावाहून येण्याजाण्याचा आणि राहण्याचा खर्च मात्र बहुतांशी कुटुंबावरच पडतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुरू केलेल्या उपक्रमात ६० दिवसांत निदान आणि ८० टक्के रुग्णांनी उपचार पूर्ण करणे ही उद्दिष्टे आहेत. ट्रॅस्टुझुमॅब या हर-२ असलेल्या गाठींवरील औषधाची भारतीय जैवसमरूपे (मूळ औषधाशी जवळपास जुळणारी औषधे) आल्यावर किंमत उतरली. शस्त्रक्रियेपूर्वी गाठीभोवती लिडोकेन हे स्थानिक भूल देणारे औषध टोचण्याच्या भारतीय चाचणीत (२०२३) पाच वर्षांची एकूण जीवितता ८६·४ वरून ९०·१ टक्क्यांवर गेली. औषध जुने आणि अल्पमोली आहे.