जुन्या हायब्रिड गाडीतल्या वासाचा माग

सांगली-मिरजेत किंवा साताऱ्यात सेकंड हँड हायब्रिड (इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेली) गाडी बघताना मायलेज आणि बॅटरीची वॉरंटी सगळेच विचारतात. आत येणाऱ्या वासावर मात्र 'बरेच दिवस बंद होती, चार दिवसांत जाईल' हे उत्तर मुकाट्याने मान्य केलं जातं. वास म्हणजे कुठल्यातरी पदार्थातून हवेत सुटत राहणारे रेणू. तो पदार्थ जागेवर आहे तोवर वास येत राहणार, आणि त्यावर परफ्यूम मारला तर मागच पुसला जाईल. म्हणून आधी सुगंधी डबी, कापूर, धूप सगळं गाडीबाहेर काढा.

नाक एकाच वासाला काही मिनिटांत सरावतं, त्यामुळे रोज गाडी चालवणारा माणूस इथे कामाचा नाही. काचा लावून गाडी दोन-तीन तास उन्हात ठेवा. उष्णतेने रेणू भराभर सुटतात. मग त्या गाडीत कधी न बसलेल्या माणसाला एकेक दार उघडून हुंगायला सांगा. पहिल्या दोन-तीन श्वासांतच जे कळायचं ते कळतं.

त्याहून पक्की पद्धत फडक्यांची. बिनवासाचे, कोरडे सुती तुकडे घ्या. एक पुढच्या डाव्या मॅटखाली, एक उजव्या, एक मागच्या सीटखाली, एक बॅटरीच्या हवेच्या जाळीपाशी, एक स्टेपनीच्या खळग्यात, एक डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. रात्रभर गाडी बंद ठेवून सकाळी प्रत्येक तुकडा वेगळ्या, झाकणाच्या काचेच्या बरणीत घाला आणि बरणीच्या बुडाला जागेचं नाव लिहा. बरण्यांची अदलाबदल दुसऱ्याने करावी, म्हणजे हुंगणाऱ्याचा अंदाज आड येत नाही. दोन बरण्यांच्या मध्ये मोकळ्या हवेत मिनिटभर थांबा.

जागेइतकीच वेळ बोलकी असते. एसी लावल्यावर पहिल्या मिनिटात कुबट वास येऊन ओसरला, तर कुलिंग कॉइलवर बुरशी आहे. केबिन फिल्टर बदला आणि पाणी बाहेर नेणारी रबरी नळी चिखलाने तुंबली आहे का ते पाहा. दमट दिवशी एसी चालू असताना गाडीखाली पाणी ठिबकत नसेल, तर ते बहुधा आतल्या कार्पेटखाली मुरतंय. मुक्कामाला पोचण्याआधी दोन-तीन मिनिटं एसी बंद करून नुसता ब्लोअर चालवला की कॉइल सुकते. गळिताच्या हंगामात साखर कारखान्याजवळून जाताना मळीचा वास येतो, तो वेगळा काढायला आतली हवा फिरवण्याचं बटण दाबा. वास कमी झाला तर तो बाहेरचा.

आता हायब्रिडचं खास. टोयोटाच्या आणि इतर काही हायब्रिड गाड्यांत मोठी बॅटरी मागच्या सीटखाली किंवा सीटमागे असते. ती थंड ठेवायला एक पंखा केबिनमधलीच हवा सीटजवळच्या जाळीतून ओढतो. वाईहून पसरणीचा घाट चढताना बॅटरी तापते, पंखा जोरात फिरतो. वास नेमका अशा वेळी वाढत असेल, तर ती जाळी आणि मागची हवेची वाट आधी तपासा. ऊसतोडीनंतर शिवारातले उंदीर आडोसा शोधतात, आणि ही वाट त्यांना सोयीची असते. मुताचा अमोनियासारखा झोंबणारा वास किंवा मेलेल्या उंदराची दुर्गंधी तिथून येऊ शकते. प्रश्न नुसत्या घाणीचा नाही. मुतातल्या क्षारांनी बॅटरीच्या घटांना जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या गंजतात, आणि तुंबलेल्या वाटेमुळे बॅटरी तापून तिचं आयुष्य घटतं.

जाळी आणि तिच्यातला फिल्टर घरी व्हॅक्यूमने साफ करता येतो. त्यापुढे हात घालू नका. नारिंगी केबल दिसली की थांबायचं. तिथे दोनशे व्होल्टच्या आसपास, काही गाड्यांत त्याहून जास्त दाब असतो, आणि सर्व्हिस प्लग (मोठ्या बॅटरीचा प्रवाह तोडणारा खटका) काढल्यावरही इन्व्हर्टरमधले कपॅसिटर रिकामे व्हायला दहा मिनिटं द्यावी लागतात. हे काम प्रशिक्षित माणसाचं.

बॅटरीचा स्वतःचा वास? निकेल-मेटल हायड्राइड बॅटरीत पाण्यात विरघळलेलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं, त्याला जवळपास वास नाही. लिथियम-आयनमधली द्रव्यं गळली तर गोडसर, थिनरसारखा वास येतो. तसं जाणवलं तर गाडी घरापासून लांब उघड्यावर उभी करा, आत बसू नका आणि सर्व्हिस सेंटरला कळवा. पेट्रोलच्या वासालाही हाच नियम.

सडक्या अंड्याचा वास डिकीत येत असेल तर संशय बारा व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर घ्या. कॅमरी हायब्रिडसारख्या गाड्यांत ती डिकीत असते आणि तिचा वायू एका बारीक नळीने बाहेर सोडलेला असतो. आधीच्या मालकाने स्वस्तातली साधी बॅटरी बसवून ती नळी लोंबती ठेवली, असं होतं. जादा चार्जिंगमध्ये ही बॅटरी हायड्रोजन आणि हायड्रोजन सल्फाइड सोडते. गाडी सुरू करून डॅशबोर्डवर 'रेडी' दिसत असताना मल्टिमीटरवर साधारण १४ व्होल्ट दिसावेत, १५ च्या वर गेले तर चार्जिंगमध्ये दोष आहे. वास अचानक नाहीसा झाला म्हणून निर्धास्त होऊ नका. या वायूचं प्रमाण फार वाढलं की नाकच बधिर होतं.

घाट उतरल्यावर येणारा करपट वास क्लचचा म्हणून सांगितला जातो. टोयोटाच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये (जी नुसत्या मोटरवरही चालू शकते) क्लच प्लेटच नसते. उतारावर बॅटरी भरली की वेग आवरण्याचा भार नेहमीच्या ब्रेकवर येतो, आणि पॅड तापतात. उताराला गिअरच्या दांड्यावरचा 'बी' मोड वापरा, त्यात इंजिनही वेग आवरतं.

कृष्णेने २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये जो पूर दाखवला, त्यानंतर या पट्ट्यात मातकट वासाची गाडी हलक्यात घेऊ नये. ओल्या मातीचा वास देणारा जिओस्मिन आपल्या नाकाला अत्यल्प प्रमाणातही कळतो, त्यामुळे वरवर धुतलेली गाडीही पकडली जाते. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढून शेवटच्या टोकाला गाळाची रेघ आहे का पाहा, सीटच्या रुळांचा गंज आणि स्टेपनीखालची बारीक माती बघा. पाणी मोठ्या बॅटरीपर्यंत पोचलं असेल तर इन्सुलेशनची चाचणी झाल्याशिवाय सौदा करू नका.

उरतात निरुपद्रवी वास. सांगलीच्या गाडीत हळदीची पोती वाहिलेली असतील तर हळदीचं तेल सीटच्या फोममध्ये मुरतं, साध्या पाण्याला ते दाद देत नाही, शाम्पू लागतो. सांडलेल्या दुधातली ब्युटिरिक आम्लासारखी आम्लं खाण्याच्या सोड्याने शमतात, पण फोममधलं दूध काढायला एन्झाइमचं क्लीनर हवं. एक पथ्य कटाक्षाने पाळा: मागच्या सीटवर बादलीने पाणी ओतू नका, खाली बॅटरी असू शकते. सीट काढून बाहेर धुवा, फोम दोन दिवस उन्हात पूर्ण वाळवा आणि परत बसवण्याआधी फडक्याची चाचणी पुन्हा घ्या.