पाटे बदलतात, भोकं राहतात

निपाणी-चिकोडी पट्ट्यातल्या एखाद्या गुऱ्हाळाच्या शेडमध्ये, खानापूरकडच्या एखाद्या कौलारू गोठ्यात अजूनही कधीमधी जुनी अमेरिकन पिकअप निघते. बेळगाव १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होतं, आणि मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा जोडणी कारखाना १९२८ पासून १९५४ पर्यंत चालला. त्यामुळे त्या काळातली, जनरल मोटर्सचीच शेवरोले इकडच्या गावात सापडली तर नवल नाही. घेणारा हौशी माणूस मात्र आधी बॉनेट उघडतो, मग लोखंडी पत्र्यावर टिचकी मारतो. गाडीखाली शिरून मागची कमान (पोलादी पाट्यांची स्प्रिंग) कारखान्याची की कुणा मिस्त्रीची, हे बघणारे थोडे. आणि जे बघतात त्यातले बहुतेक पाटे मोजून मोकळे होतात.

पाटे हा सगळ्यांत कच्चा पुरावा. सीमाभागात पिकअपनं ऊस, गूळ, तंबाखू, खताची पोती, लग्नाची वऱ्हाडं असं सगळं वाहिलेलं असतं. ओझं वाढलं की मालक कमानवाल्याकडे जायचा आणि एक पाटा वाढवून घ्यायचा. मधला तुटला की दुसऱ्या गाडीचा कापून बसवायचा. एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या तोंडून ऐकलेलं वाक्य आहे: “पाटं काय, दर सुगीला बदलत्यात की. चासी कोण बदलतंय?” गाडीची परीक्षा चासीपासूनच, म्हणजे तिच्या लोखंडी सांगाड्यापासूनच, सुरू करायला हवी.

आधी कमान काम कशी करते ते बघू. एकच लांब जाड पट्टी दोन्ही टोकांना टेकवून मधे ओझं दिलं, तर सगळा ताण मध्यावर येतो आणि टोकांकडचं पोलाद फुकट जातं. म्हणून लांबीनं उतरत जाणारे पाटे एकावर एक रचतात. मधे जाड आणि टोकाला पातळ अशी रचना झाली की ताण लांबीभर जवळजवळ सारखा वाटला जातो. वही वाकवली की पानांच्या कडा जशा एकमेकींवरून सरकतात, तसे पाटे घासत सरकतात. त्या घर्षणात धक्क्याची थोडी शक्ती उष्णता होऊन जाते. म्हणजे कमान स्प्रिंग आहेच, शिवाय थोडीफार शॉकअपही आहे.

ताठरपणाचं गणित मात्र फसवं आहे. पाट्यांची संख्या दुप्पट केली तर ताठरपणा साधारण दुप्पट होतो, पण जाडी तिच्या घनाच्या प्रमाणात बोलते. ६ मिलिमीटरच्या जागी ८ मिलिमीटरचा पाटा घातला, तर जाडी एक तृतीयांश वाढते आणि त्या पाट्याचा ताठरपणा जवळजवळ २.४ पट होतो. लांबी उलट बाजूनं तेच करते. म्हणून ‘पाटे तेवढेच आहेत, म्हणजे कमान मूळची’ हा हिशेब चुकतो. संख्या तीच ठेवून जाडी बदललेली कमान बाहेरून ओळखू येत नाही. रिकामी गाडी खड्ड्यात आपटली की मगच कळते.

माप घ्यायचंच असेल तर रुंदीचं घ्या. युद्धकाळातल्या विलीज जीपचे पाटे पावणेदोन इंच, म्हणजे सुमारे ४४.५ मिलिमीटर रुंद होते. आज बाजारात मिळणारे व्यापारी गाड्यांचे पाटे गोल मिलिमीटरच्या मापात येतात. व्हर्नियर लावल्यावर अमेरिकन गाडीखाली बरोबर ६० किंवा ७० भरलं, तर ते पोलाद जवळपासचंच समजावं. टोकंही बघा. कारखान्यात पाटा प्रेसखाली कापला जातो, कड सरळ येते. गॅसनं कापलेल्या टोकाला लाटा आणि वितळलेल्या धातूचे थेंब राहतात. हातोड्यानं कमान चढवलेली असेल तर पाठीवर चपटे ठसे दिसतात. कारखान्याचे आणखी एका प्रकारचे ठसे असतात, बारीक दाट खळग्यांचे. वाकताना पाट्याच्या वरच्या अंगाला ताण बसतो आणि भेगा तिथूनच सुरू होतात. तिथं पोलादाच्या बारीक गोळ्यांचा मारा केला की पृष्ठभागाची कातडी आतून दाबाखाली राहते आणि भेग उघडायला वेळ लागतो. ही युक्ती शास्त्रशुद्ध करण्यात जनरल मोटर्सच्याच जॉन आल्मेन यांचा मोठा वाटा. माऱ्याचा जोर मोजायची पट्टी आजही त्यांच्या नावानं ओळखली जाते. पण आजच्या चांगल्या नव्या पाट्यांवरही असा मारा असतो, त्यामुळे खळगे दिसले म्हणून पाटा जुना ठरत नाही.

आता चासीकडे. कमानीचं पुढचं टोक चासीला जोडलेल्या आधारात, म्हणजे हँगरमध्ये, पिनवर बसतं, मागचं शॅकलवर, म्हणजे हलत्या कडीवर, झुलतं, कारण ओझ्याखाली कमान सपाट होताना लांबते. हे हँगर कारखान्यात चासीला बहुधा रिव्हेट करतात. रिव्हेट दाबताना भोकात फुगतो आणि भोक पूर्ण भरतो. बोल्टला मात्र थोडी मोकळीक राहतेच, आणि वर्षानुवर्षांच्या धक्क्यांनी ते भोक लांबट होतं. वेल्डिंग कारखाने अशा जागी टाळत, कारण उष्णतेनं शेजारचं पोलाद कमजोर होतं आणि सांध्याच्या कडेनं भेग धावते. म्हणून हँगरभोवती वेल्डिंगची जाड माळ दिसली, तर ती नंतरची असल्याचा संशय धरावा.

बोल्ट दिसला म्हणून मात्र लगेच निकाल देऊ नये. सैल झालेला रिव्हेट काढून त्याच भोकात चांगल्या ग्रेडचा बोल्ट घालणं ही रास्त दुरुस्ती आहे. प्रश्न भोकाचा आहे. हँगर जुन्याच भोकांवर असेल तर गाडी दुरुस्त झाली; शेजारी रिकामी भोकं असतील, घासून सपाट केलेल्या रिव्हेटच्या चकत्या असतील किंवा जुन्या हँगरच्या आकाराचा कमी गंजलेला डाग असेल, तर गाडी बदलली गेली. माझ्या मते विकणाऱ्याच्या तासाभराच्या गप्पांपेक्षा असं एक रिकामं भोक जास्त सांगतं.

शेवरोलेच्या १९४७ ते १९५४ च्या अर्ध्या टनी पिकअपमध्ये आणखी दोन खुणा सोप्या आहेत. एक, गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलच्या हाउसिंगपर्यंतचा (कवचापर्यंतचा) शाफ्ट नळीत बंद असतो. तिथं उघडा शाफ्ट फिरताना दिसला तर मागचा सगळा ॲक्सल बदललेला आहे, मग कमानीची गोष्टच वेगळी. दुसरी शॉकअपची. १९४९ पर्यंत चासीवर बसलेला, दांडीनं हलणारा शॉकअप होता. १९५० पासून नळकांडीसारखा आला. १९४८ च्या गाडीवर नळकांडी असेल तर ती नंतरची भर, पण बहुधा सोयीची भर.

‘मागे कॉइल (वेटोळ्याची स्प्रिंग) आहे, म्हणजे कुणीतरी छेडछाड केली’ हा समज इकडे घट्ट आहे, आणि तो सरसकट खरा नाही. शेवरोलेच्या १९६० ते १९७२ च्या टू-व्हील ड्राइव्ह अर्ध्या टनी पिकअपला कारखान्यातूनच मागे कॉइल असे. दोन लांब दांडे ॲक्सलपासून पुढे केबिनखालच्या आडव्या मेंबरपर्यंत (चासीच्या आडव्या तुळईपर्यंत) जातात आणि स्प्रिंगा त्या दांड्यांवर उभ्या असतात. ॲक्सल बाजूला सरकू नये म्हणून एक आडवी दांडीही असते. जनरल मोटर्सच्याच जीएमसी पिकअपला १९६७ ते १९७२ मध्ये मात्र पाटे ही नेहमीची रचना होती, कॉइल मागणीवर. म्हणजे जवळजवळ सारखी दिसणारी भावंडं, मागे दोन निराळ्या तऱ्हा. तेव्हा कॉइल की पाटे यापेक्षा, जे आहे ते ज्यावर बसतं ते रिव्हेट केलेलं आहे का, हे बघावं. कॉइलची गाडी पाट्यांवर आणली असेल तर आडव्या दांडीचं बस्तान किंवा पुढच्या मेंबरची भोकं सहसा मागे उरतात.

बेळगाव हे छावणीचं गाव, मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, त्यामुळे इथं जीपांची हौस पिकअपपेक्षा मोठी. जीपला मूळची कमान ॲक्सलच्या खाली असते. जमिनीपासून उंची हवी म्हणून ती वर घेतात. मग हाउसिंगच्या नळीवर नवीन बैठक वेल्ड केलेली दिसते आणि खाली जुनी बैठक रिकामी राहते किंवा ग्राइंडरनं साफ केलेली असते. युद्धकाळातल्या जीपचे शॅकल यू आकाराचे आणि आट्यांचे. काहींचे आटे उजवे, काहींचे डावे, आणि डाव्या आट्याच्या शॅकलवर ओळखायला एक बारीक उंचवटा घडवलेला. रबरी बुश आणि सपाट पट्ट्यांचे शॅकल तिथं नंतर आलेले.

कागदांत फारसं काही सापडत नाही. आरसी बुकात रिकाम्या आणि भरल्या गाडीचं वजन असतं, कमान कसली ते नसतं. भरलं वजन मात्र उपयोगी पडतं: अर्ध्या टनाच्या गाडीला दहा जाडजूड पाटे दिसले, तर कुठलं ओझं वाहून ती इथवर आली याचा अंदाज येतो.

गाडी घेतल्यावर पहिल्याच दिवशी प्रेशर वॉटरनं धुवायला किंवा सँडब्लास्टिंगला देऊ नये. चिखलाखालचा जुना रंग, हँगरभोवतीचे डाग, कमान ॲक्सलला आवळणाऱ्या यू-बोल्टच्या वळ्या त्यात निघून जातात. आधी टॉर्च आणि वायर ब्रश घेऊन आडवं पडावं, दोन्ही बाजूंचे हँगर, शॅकल, यू-बोल्ट आणि प्रत्येक रिकाम्या भोकाचा फोटो स्केलपट्टी ठेवून काढावा. डावी-उजवी बाजू सारखी नसेल, तर कमानवाल्याला पाटे सांगण्याआधी ते का हे शोधावं.