आता मोडलंच आहे तर…

१९७५ साली पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या विद्यार्थिनींना ‘चवीची चाचणी’ म्हणून बोलावलं. काहींना आधी एक मिल्कशेक प्यायला दिला, काहींना दोन, काहींना काहीच नाही. मग आइस्क्रीम समोर ठेवलं आणि सांगितलं, चव बघा, हवं तेवढं खा. एरवी खाण्यावर फारशी बंधनं न घालणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं, कारण पोट भरलेलं होतं. वजनाच्या धास्तीने कायम मोजूनमापून खाणाऱ्या मुलींचं मात्र उलट झालं. त्यांच्यातल्या मिल्कशेक प्यायलेल्यांनी न प्यायलेल्यांपेक्षा जास्त आइस्क्रीम खाल्लं.

पुढच्याच वर्षी मानसशास्त्रज्ञ जेनेट पॉलिव्ही यांनी त्यातली मेख दाखवली. त्यांनी लोकांना पुडिंग दिलं. त्यात भरपूर कॅलरी आहेत असं काहींना सांगितलं, कमी आहेत असं इतरांना. नंतर सँडविच ठेवली. ‘भरपूर कॅलरी पोटात गेल्या’ असं मानणाऱ्या डाएटवाल्यांनी जास्त सँडविच खाल्ली, मग पुडिंगमध्ये खरोखर कॅलरी कितीही असोत. नियम मोडला, ही नुसती समजूतच पुरेशी होती.

हा हिशेब आपल्याकडे घरोघरी चालतो. गोड बंद केलेल्या माणसाने लग्नात एक जिलेबी खाल्ली, की मनात येतं, ‘आज मोडलंच आहे तर खाऊन घेऊ, सोमवारपासून पुन्हा कडक.’ एका जिलेबीने वजनात काही फरक पडत नाही. पडतो तो त्यानंतरच्या सहा जिलेब्यांनी, आणि सोमवारी बंदी येणार या धास्तीने रविवारी रात्री केलेल्या खाण्याने. असं झालं की माणूस स्वतःच्या जिभेला आणि निर्धाराला दोष देतो आणि पुढचा नियम आणखी कडक करतो. खरं तर मूळ त्या कडकपणातच असतं.

यात शरीराचाही वाटा आहे. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात संशोधक अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे जवळपास निम्म्या आहारावर ठेवलं. त्यांचं वजन सुमारे एक चतुर्थांश घटलं. दिवसभर अन्नाचेच विचार, अन्नाचीच स्वप्नं. काहीजण पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. पुन्हा पोटभर खायला मिळू लागल्यावर त्यांच्यातले काही पोट दुखेपर्यंत खात, तरी भूक शमत नसे. ही स्वेच्छेने प्रयोगात आलेली, मनाने खंबीर माणसं होती. त्यांना कोण लालची म्हणेल?

याचा अर्थ कमी खाणंच घातक, असा नाही. जर्मन संशोधक योआखिम वेस्टेनहोफर यांनी १९९१ मध्ये दोन तऱ्हा वेगळ्या केल्या: ‘भात अजिबात नाही’ असा ताठर नियम, आणि ‘दुपारी भात झाला, रात्री भाकरी’ अशी लवचिक आखणी. अनावर खाणं ताठर नियमांसोबत जास्त आढळतं, लवचिक आखणीसोबत कमी.

ऑक्सफर्डचे मानसोपचारतज्ज्ञ ख्रिस्टोफर फेअरबर्न यांच्या अनावर खाण्यावरच्या उपचारपद्धतीत सुरुवात काय खावं यापासून होत नाही, कधी खावं यापासून होते. दिवसात तीन जेवणं आणि दोन-तीन मधली खाणी, आणि दोन खाण्यांत चार तासांपेक्षा जास्त अंतर नाही. लोकलने प्रवास करणाऱ्यांचं गणित इथेच चुकतं. डबा एक वाजता, घरी पोचायला साडेआठ. मधे चहा सोडला तर काही नाही. मग स्वयंपाक होईपर्यंत फरसाणचा डबा उघडतो. पाचच्या सुमारास मूठभर भाजलेले चणे आणि केळं, किंवा ताक आणि शेंगदाणे खाल्ले तर साडेआठची भूक आवाक्यात राहते. रात्री जास्त खाणं झालंच, तरी सकाळचा नाश्ता टाळू नका. बहुतेकांचं चक्र त्या टाळलेल्या नाश्त्यापासूनच पुन्हा फिरू लागतं.

सोबत एक वही ठेवा. वेळ, पदार्थ, जागा, त्या वेळी मनात काय चाललं होतं, आणि जास्त झालं असं वाटल्यास फुली. नोंद खाताक्षणीच करायची. रात्री आठवून लिहिली तर भांडणानंतर खाल्लेली बिस्किटं हमखास गळतात, आणि नेमकी तीच नोंद कामाची असते. कॅलरी लिहू नका. लिहिल्या तर वही लगेच शिक्षेची होते. वजन आठवड्यातून एकदाच करा, कारण रोजचा चढउतार बराचसा पाण्याचा असतो.

वेळा बसल्या की स्वतःला मना केलेल्या पदार्थांची यादी करा. त्यातला सगळ्यात कमी भीती वाटणारा पदार्थ, मन बरं असलेल्या दिवशी, ठरवून, जेवणाच्या ताटातच घ्या. एकट्याने, उपाशीपोटी, डब्यातून खाल्लात तर हा प्रयोग फसतो. मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल, तर हे बदल डॉक्टरांना विचारूनच करा.

अतिखाण्याची सगळीच मुळं मनाईत नसतात. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड नील आणि वेंडी वूड यांच्या प्रयोगात, सिनेमागृहात नेहमी पॉपकॉर्न खाणाऱ्यांनी आठवडाभराचं शिळं पॉपकॉर्नही ताज्याइतकंच संपवलं. सवयीच्या नसलेल्या हाताने खायला लावल्यावर मात्र शिळं बाजूला राहू लागलं. टीव्हीसमोर रोज वेफर्स खाणाऱ्यांनी खुर्ची किंवा वाटी बदलून पाहावी. जागरणाने भूक वाढते, तेव्हा झोपेकडेही लक्ष हवं.

एक सीमा मात्र ओळखायला हवी. थोड्या वेळात खूप खाणं, ते थांबवता न येणं, लपून खाणं, नंतर स्वतःची घृणा वाटणं, आणि हे आठवड्यातून एकदा तरी, तीन महिने चालणं, याला २०१३ पासून अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानग्रंथात स्वतंत्र आजाराची जागा आहे. तो बारीक माणसांनाही होतो, पुरुषांनाही होतो. खाल्ल्यानंतर मुद्दाम उलटी करणं किंवा जुलाबाच्या गोळ्या घेणं सुरू असेल तर वाट पाहू नका. रक्तातलं पोटॅशियम घटून हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. अशा वेळी आधी डॉक्टर, मग मानसोपचारतज्ज्ञ. कुठून सुरुवात करावी कळत नसेल, तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.