तंबूभोवती मिठाची रेघ आणि साप

गडावर मुक्काम करताना तंबूभोवती मिठाची किंवा कार्बोलिक ॲसिडची रेघ ओढली की साप आत येत नाही, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. येतो की! मीठ जळवेवर चालतं, तिची त्वचा ओली असते. सापाचे खवले कोरडे. कार्बोलिकने तर आपलीच कातडी भाजते. खरा भरवसा तळ शिवलेल्या तंबूच्या चेनवर, आणि ती रात्रभर बंद हवी. मण्यार रात्रीच फिरतो, त्याचा दंश झोपेत बरेचदा कळतही नाही. खरकटं पिशवीत बांधून ठेवा. त्यावर उंदीर येतात, उंदरांमागे साप. बाहेर जाताना बॅटरी घ्या, बूट झटकून घाला. दंश झालाच तर आवळून बांधू नका, 108 लावा.